हातांनी बोलणाऱ्यांची वेळ

बेटावर तिला सगळे तारबाई म्हणत. समुद्राखालून येणारी केबल जिथे किनाऱ्याला लागते, तिथे एक बसकी, बिनखिडक्यांची इमारत होती. सरकारी पाटीवर त्या इमारतीचं नाव पाटीला न मावणारं होतं; लोकांच्या तोंडी ते नुसतं तारघर. आणि तारघर सांभाळते म्हणून ती तारबाई. ऐन विशीत ती तिथे लागली तेव्हा कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायची. मग फोन आपोआप जोडले जाऊ लागले, मग जाड तारेच्या जागी केसाएवढ्या काचेच्या तंतूंची केबल आली, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर तारघरातलं एकेक माणूस कमी होत गेलं. शेवटी ती एकटी उरली. आता तिचे गुडघे धरत, आणि दिवसभर गार हवेत बसून खांदे आखडत. काम म्हटलं तर काहीच नाही, म्हटलं तर मान वर करायला फुरसत नाही, असं: कपाटांवरचे हिरवे दिवे बघायचे, हवा थंड ठेवायची, जनरेटरचं तेल संपू द्यायचं नाही, आणि रोज सकाळी पलीकडच्याशी बोलायचं.

पलीकडचा म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. बेट ज्या देशाचं, त्याची राजधानी दूर होती. शेजारचा देश मात्र अगदी समोर. हवा स्वच्छ असली की तिकडच्या गोदीतल्या क्रेन दिसत. केबल त्या किनाऱ्यावर जाई आणि तिथून साऱ्या जगात. तिथल्या तारघरात तिच्यासारखाच एकजण वर्षानुवर्षं बसलेला. त्याची भाषा हिला येत नव्हती, हिची त्याला नाही. दोघं एका तिसऱ्याच भाषेत बोलत, आणि तिच्यात दोघांचंही व्याकरण लंगडं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता. आधी कामाचं बोलणं, मग त्याची पाठ, मग हिचे गुडघे, मग हवा. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कधी तशी गरजच पडली नाही.

घरी तिची धाकटी बहीण असायची. धाकटी लहानपणीच्या तापात बहिरी झाली. तिला शाळेत घातली, पण तिथे अक्षरं गिरवून घेण्यापलीकडे कुणी फारसं काही शिकवलं नाही. लिहिलेलं वाक्य तिच्यापुढे ठेवलं तर ती त्यातले ओळखीचे शब्द वेचून काढी, जसे तांदळातले खडे काढावेत, आणि उरलेलं बाजूला सारी. बोलणं मात्र तिचं झरझर चाले, ते हातांनी. त्यातल्या अर्ध्या खुणा तारबाईनं आणि आईनंच मिळून घडवल्या होत्या, उरलेल्या ती पुढे बहिऱ्या मंडळींत शिकली. त्याच मंडळींत तिला नवरा मिळाला. तोही बहिरा, पलीकडच्या गोदीत वेल्डर. आठ-पंधरा दिवसांनी तो फेरीबोटीनं येई. एरवी रोज संध्याकाळी धाकटी शिवणयंत्र बाजूला सारून फोन खिडकीत उभा करी, आणि दोघं नवरा-बायको पडद्यावर हातवारे करत भांडत, हसत, दिवसभराचं सांगत.

त्या वर्षी वादळांचे दिवस सरता सरता एका मालवाहू जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेला. सकाळी तारबाईनं दार उघडलं तर सगळी कपाटं लाल. केबल तुटली होती.

पहिल्या तासाभरात अर्धं गाव तारघराच्या दाराशी. दुकानदारांचा माल अडला, शाळेच्या परीक्षा अडल्या, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण फुप्फुसांचे फोटो वाचणारे डॉक्टर होते समुद्रापार. तारबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की दुरुस्तीचं जहाज लागतं, ते बोलावलंय. जहाजाचा घोळ तिनं कुणाला सांगितला नाही. जहाज तिसऱ्याच देशाचं. तुटलं ते नेमकं दोन देशांच्या हद्दीजवळ, म्हणजे दोन्हीकडची परवानगी हवी. परवानगी हलली तर जहाज दुसरीकडे गुंतलेलं, जहाज सुटलं तर परवानगीची मुदत संपलेली. एक घोडं पाण्यात घालावं तर दुसरं काठावर बसकण मारतं, तशातली गत.

आणि त्याच आठवड्यात राजधानीत तीन आठवडे चालणारी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरलेली होती. विषय असा, की सगळ्या देशांनी मिळून डिजिटल तंत्रज्ञान असं वापरावं की विकास टिकेल आणि कुणी मागे राहणार नाही. तारबाईचे साहेब तिथेच होते. उपग्रहाच्या फोनवर त्यांचा आवाज फुटत होता. माणूस वाईट नव्हता, तिच्याइतकाच दमलेला होता. ते म्हणाले, इथे सगळे माना डोलावतात बाई, पण सही करणारा नेमका चहाला गेलेला असतो. तुम्ही तूर्त काहीतरी करा.

काहीतरी म्हणजे टेकडीवरचा जुना मनोरा. केबल येण्याआधी दोन किनाऱ्यांमध्ये रेडिओनं फोन चालत, तेव्हाची तबकडी त्यावर गंजत पडली होती. वीजखात्याचा वायरमन वर चढला. तारबाई खाली दगडावर बसली, कानाला उपग्रहाचा फोन. समुद्रापलीकडे तसल्याच मनोऱ्याखाली पलीकडचा यंत्रावरचा, जोडाचा जोर दाखवणारा काटा वाचत बसला. तो सांगे, हिच्या बाजूनं डावीकडे केसभर. ती ओरडून वायरमनला सांगे. वारा सुटला की सगळं हललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. वायरमन खाली उतरला तेव्हा त्याची बोटं सरळ होत नव्हती, आणि तारबाईला दगडावरून उठताना त्यालाच हात द्यावा लागला. पण जोड लागला. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यावी तसा, पण लागला.

धार बारीक म्हटल्यावर वाटून देणं आलं. साहेबांनी ते तिच्यावरच सोपवलं. तिनं ठरवलं: आधी दवाखाना, मग हवामान आणि बोटी, मग लोकांचे साधे फोन आणि लिहिलेले निरोप. फोटो, व्हिडिओ सगळ्यांना बंद. एका व्हिडिओच्या जागेत गावभराचं बोलणं मावतं, असं ती दारात येणाऱ्याला समजावून सांगे, आणि लोकांना ते पटे. धाकटीलाही तिनं घरी हातांनी हेच सांगितलं. धाकटीनं मान हलवली आणि ती यंत्राशी जाऊन बसली. संध्याकाळी तिनं फोन खिडकीत उभा केला नाही. तारबाईनं ते पाहिलं, पण इतकी थकली होती की जेवून तशीच आडवी झाली.

असे काही दिवस गेले. मग एक निरोप आला, पलीकडच्या गोदीच्या मुकादमाचा, धाकटीच्या नावानं. तारबाईनं तो घरी आणला आणि हातांनी वाचून दाखवला. नवऱ्याच्या डोळ्याला काम करताना इजा झाली आहे, दवाखान्यात ठेवलं आहे, काळजी नसावी.

धाकटीनं विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मुकादमानं."

"त्याला हातांची भाषा येते?"

तारबाई म्हणाली, नाही.

"मग माझ्या माणसाला काय होतंय ते मुकादमाला कुणी सांगितलं?"

फेरीबोट वाऱ्यामुळे बंद होती. धाकटी म्हणाली, मला त्याला बघायचंय, थोडा वेळ, एकदाच. तारबाईनं नाही म्हटलं. म्हणाली, मी माझ्याच घरच्यासाठी नियम मोडला तर उद्या कुठल्या तोंडानं लोकांपुढे उभी राहू. घरचं माणूस म्हणून दिलं, असंच म्हणतील. हे सांगताना ती खुर्चीत पाय चोळत बसली होती आणि एका हातानंच बोलत होती.

धाकटीनं तिचा दुसरा हात पायावरून उचलून मांडीवर ठेवला, म्हणजे नीट बोल. मग तिच्यासमोर उभी राहून अगदी सावकाश म्हणाली, "सगळ्यांचं बोलणं तू चालू ठेवलंस. आमचंच बंद केलंस. माझ्यासाठी तो व्हिडिओ नाही. ते बोलणं आहे."

तारबाई तिच्या हातांकडे बघत राहिली. ज्या हातांना पहिल्या खुणा तिनंच शिकवल्या होत्या, त्यांना काय लागतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण यादी करताना ती बहीण नव्हती, तारबाई होती. आणि तारबाईच्या लेखी बोलणं म्हणजे कानानं ऐकायचं ते. धाकटी आत निघून गेली. यंत्राचा आवाज मात्र आला नाही.

सकाळी तिनं पलीकडच्याला सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "त्यांना आवाज लागतो?"

"नाही."

"रंग?"

"रंग कशाला? हात दिसले की झालं."

"मग आवाज टाकून देऊ, रंगही टाकून देऊ. चित्र लहान करू. एका वेळी एकच बोलणं. करून तर बघू."

तिनं कॅमेऱ्यापुढे खुर्ची ओढली. तिकडे तो कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. पहिल्यांदा चित्र मोठं ठेवलं तर ते इतकं अडखळे की हात म्हणजे वाऱ्यावर फडफडणारं धुणं. बोटं कुठली आणि मनगट कुठलं कळेना. चित्र लहान केलं, आणखी लहान केलं, तेव्हा त्यात हालचाल भरायला जागा झाली. शेवटी काडेपेटीएवढ्या राखाडी चौकोनात एक धूसर माणूस हात हलवताना दिसला. चेहरा कळण्यासारखा नव्हता, पण बोटं मोजता येत होती. तिनं त्याला सांगितलं, तू आत्ता जे काही केलंस त्याचा आमच्याकडे अर्थ होतो की तुझी म्हैस आजारी आहे. पलीकडच्यानं हसून हसून फोन खाली ठेवला.

तरी अडचणी होत्याच. डॉक्टरीणबाईंना त्यांचे फोटो संध्याकाळऐवजी दुपारी पाठवावे लागणार होते. त्या कुरकुरल्या, म्हणाल्या दुपारी माझी जेवायची वेळ, मग म्हणाल्या बरं, उभ्या उभ्या जेवेन. पलीकडच्याचं खरं घोडं अडलं ते त्याच्या वरिष्ठांपाशी. त्यांनी विचारलं, दुसऱ्या देशातल्या शिंपिणीसाठी आपली वाहिनी, म्हणजे जोडावरची जागा, का खर्चायची? त्यानं काय उत्तर दिलं ते त्यानं तारबाईला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की वेल्डर तर आपल्याच गोदीत काम करतो ना. आणि तो स्वतःची गाडी काढून दवाखान्यात गेला, वेल्डरला खुणेनं, नकाशा काढून, कसंबसं समजावून त्याच्या तारघरात घेऊन आला.

संध्याकाळी धाकटी कपाटांमधल्या स्टुलावर बसली. गारव्यानं तिनं पदर खांद्यांभोवती घट्ट ओढून घेतला होता. चौकोन उजळला. त्यात एक माणूस, एका डोळ्यावर पट्टी. धाकटीनं स्टूल पुढे ओढलं.

मग धाकटी म्हणाली, "चष्मा घातला नव्हतास ना?"

तो म्हणाला, "घातला होता. डोक्यावर."

धाकटी हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले, तर तिला पुढचं दिसेना. डोळे पुसायला हात लागतात आणि बोलायलाही हातच लागतात, म्हणून ती एकदा पुसायची, एकदा बोलायची. तारबाईनं तोंड भिंतीकडे केलं. फोनवर बोलणाऱ्याला एकांत द्यायचा तर बाहेर जाऊन दार ओढता येतं. इथे कपाट सोडून जाता येत नव्हतं, तेव्हा पाठ फिरवणं एवढंच तिच्या हाती होतं. भिंतीकडे बघत उभ्या उभ्या तिला झोप येत होती.

बाहेर पडताना धाकटीनं सांगितलं, की डोळा वाचलाय, पण डॉक्टर काय म्हणतात ते त्याला कुणी सांगत नाही, मोठमोठ्यानं ओरडतात फक्त. ते तारबाईनं पलीकडच्याला कळवलं. त्यानं गोदीतल्या बहिऱ्यांपैकी एकाच्या ऐकू येणाऱ्या मुलीला गाठून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी दाराशी सुतार उभा. तोही बहिरा. त्याला त्याच्या भावाशी बोलायचं होतं. त्याच्यामागे पाववाला आणि त्याची बायको. त्यांची मुलगी पलीकडच्या बहिऱ्यांच्या शाळेत होती आणि केबल तुटल्यापासून आपले आईबाप का दिसेनासे झाले हे तिला समजत नव्हतं. असं करत ती रोजची वेळ झाली. गाव तिला हातांनी बोलणाऱ्यांची वेळ म्हणू लागलं. सगळे कौतुकानंच म्हणत होते असं नाही. किराणा दुकानदारानं भर बाजारात विचारलं, यांना व्हिडिओ, मग आमच्या नातवाला का नाही? तारबाईनं त्याला तिथेच उभं राहून समजावलं. त्याला पटलं की नाही कोण जाणे. तिच्यात दुसऱ्यांदा सांगायचं त्राण नव्हतं.

परिषदेच्या शेवटच्या दिवशी साहेबांचा फोन आला. सभागृहात बेटाबद्दल बोलणं चाललंय, तुम्ही दोन शब्द बोला. बारीक जोडावरून सभागृहाच्या पडद्याजोगं चित्र जाणं शक्य नव्हतं, नुसता आवाज. तिला कळेना कुणापुढे बोलायचंय, किती माणसं आहेत. ती त्या तिसऱ्या भाषेत, मोडकंतोडकं, एवढंच म्हणाली की मदत आली ती समोरच्या किनाऱ्यावरून, आणि मदत वाटताना मी माझ्या बहिणीला विसरले. ज्यांना वाटप करायचंय त्यांनी आधी विचारावं, कोण कसं बोलतं. तिकडून कुणीतरी आभार मानले आणि जेवणाची सुट्टी झाली.

जहाज आलं ते बऱ्याच दिवसांनी. समुद्रातून केबलची दोन्ही टोकं वर काढली, जहाजावर वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी ती सांधली आणि परत खाली सोडली. कपाटं हिरवी झाली. गावात ओरडा झाला, पोरं रस्त्यावर आली, आणि आठवड्याभरात सगळे विसरूनही गेले. तारबाईला आनंद व्हायला हवा होता. तिनं घरी येऊन चपला काढल्या आणि बराच वेळ दारातच बसून राहिली. धाकटीनं तिला पाण्याचा तांब्या आणून दिला.

पुढे दोन्ही देशांनी करार करायचं ठरवलं, की पुन्हा असं झालं तर एकमेकांना वाहिनी कशी द्यायची. मसुदा दोन्ही तारघरांना आला. त्यात लिहिलं होतं, विशेष गरजा असलेल्या घटकांचा शक्य तितका विचार केला जाईल. पलीकडच्यानं फोनवर विचारलं, शक्य तितका म्हणजे किती? तारबाई म्हणाली, म्हणजे काहीच नाही. दोघांनी मिळून एक वाक्य तयार केलं: जोड कितीही बारीक असो, हातांनी बोलणाऱ्यांसाठी रोज वेळ राखावी, दोन्ही किनाऱ्यांवर. ते त्यानं त्याच्या वरिष्ठांना पाठवलं, हिनं हिच्या. ते परत आलं, पुन्हा पाठवलं. कुणी विचारलं ही मागणी कुठल्या कलमात बसते, कुणी म्हणालं आता वरातीमागून घोडं कशाला. साहेबांनी मध्ये दोनदा सांगून पाहिलं, सोडून द्या बाई. तिनं सोडलं नाही, पण भांडलीही नाही. दर वेळी तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा पाठवत राहिली. अखेरीस करारावर सह्या झाल्या तेव्हा बाकी वाक्य बदललं होतं, शब्द जड झाले होते, पण रोज हा शब्द टिकला होता.

धाकटीचा नवरा पुन्हा वेल्डिंगवर गेला. त्या डोळ्यानं त्याला थोडं कमी दिसतं. संध्याकाळी खिडकीत पूर्वीसारखेच हात हलू लागले.

पलीकडचा त्याच वर्षी निवृत्त झाला. त्याच्या जागी माणूस नेमलाच नाही. दुरूनच एक केंद्र पाच-सहा तारघरांवर लक्ष ठेवू लागलं. तारबाईची सकाळ मोकळी पडली. आणि एके दिवशी फेरीबोटीतून तो उतरला, बायकोला घेऊन. आवाजावरून तिनं उंच माणूस धरला होता. हा ठेंगणा, पाठीत वाकलेला, हातात फळांची पिशवी. धक्क्यावर दोघं अवघडून उभे राहिले. फोनवर बोलणारी माणसं ती, समोरासमोर आल्यावर बोलायचं कुठून हेच सुचेना. त्यानं पाठीबद्दल सांगितलं. तिनं गुडघ्यांबद्दल. मग ते संपलं.

धाकटीनं त्याच्या बायकोला घरी नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नसूनही थोड्याच वेळात त्या शिवणयंत्रावर वाकून काहीतरी ठरवत होत्या. तो मात्र म्हणाला, मला तुझं तारघर बघायचंय. तिनं दार उघडलं. तो कपाटांमधून हळूहळू फिरला, एका ठिकाणी हात टेकवला, पंख्यांची घरघर ऐकत थांबला. मग तिच्या खुर्चीत बसला आणि काही बोलणार तोच त्याची मान छातीवर आली. इतकी वर्षं असल्याच खोलीत जागा राहिलेला माणूस, तिथेच गाढ झोपला. तिनं त्याला उठवलं नाही. त्याच्या अंगावर आपली शाल टाकली, स्टूल ओढलं, आणि परतीची बोट निघायच्या वेळेपर्यंत दिव्यांकडे बघत बसली.